सपाट सोलापूर ते सह्याद्रीचे घाट: सरावाला सहाच आठवडे उरले असतील तर चार दिवसांची सायकल मोहीम कशी पार पाडावी

दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतंच, “घाटातल्या राइडला नाव दिलंय, सहा आठवडे उरलेत, जमेल का?” आणि उत्तराची वाट न बघता पुढच्याच रविवारी पुणे रोडला मोहोळपर्यंत जाऊन येतो. सत्तर किलोमीटर, सरासरी पंचवीसची. फोटो टाकतो आणि तयारी झाली असं समजतो. मग पसरणी घाटात चौथ्या किलोमीटरला सायकल हातात धरून चालताना भेटतो.

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर आहे आणि आजूबाजूला ताटासारखं सपाट आहे. सपाटीवर दमलात तर पाय थांबवता येतात, सायकल आपली चालत राहते. घाटात पाय थांबला की दोन सेकंदांत सायकल थांबते. विश्रांती नावाचा प्रकारच नाही. त्यामुळे मोहोळचे सत्तर किलोमीटर आणि घाटातले बारा किलोमीटर यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो.

सहा आठवड्यांत मांड्यांची ताकद फार वाढत नाही. बसायची सवय होते, हात-मान सरावतात, पोटाला चालत्या सायकलवर खायची सवय लागते. बाकी काम खर्च कमी करून साधायचं: हलके गिअर, कमी वेग, कमी ओझं, वेळेवर खाणं. पुढचे सगळे टप्पे त्याच हिशोबाने लावले आहेत आणि त्यांचा क्रम बदलू नका. लोक सराव आधी सुरू करतात आणि गिअर शेवटच्या आठवड्यात बघतात, तिथेच गाडी रुळावरून घसरते.

आधी एक अट. आज, आत्ता, न थांबता पंचवीस-तीस किलोमीटर आरामात जाता येत असेल तरच हा लेख तुमच्यासाठी आहे. तेवढंही होत नसेल तर यंदा फक्त पहिला दिवस करा. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, किंवा जिना चढताना छातीत काही जाणवत असेल, तर सायकलच्या दुकानाआधी डॉक्टरांकडे जा.

## टप्पा १: तारीख आणि मार्ग ठरवा

तारीख सोपी आहे. सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा ओसरली की, म्हणजे जानेवारीअखेर. सराव मग डिसेंबरच्या मध्यापासून सुरू होतो आणि सकाळच्या थंडीत होतो. मार्चनंतर सोलापुरात सराव करणं म्हणजे उन्हाशी कुस्ती. पावसाळ्यात घाट नकोच. दरडी पडतात, रस्ता बंद होतो आणि धुक्यात मागच्या गाडीला तुम्ही दिसत नाही.

मी सुचवतो तो मार्ग असा. अंतरं अंदाजे आहेत.

- पहिला दिवस: वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर. ३२ किमी.
- दुसरा दिवस: महाबळेश्वर, आंबेनळी घाटाचा उतार, पोलादपूर, कशेडी, खेड. ८० किमी.
- तिसरा दिवस: खेड, परशुराम घाट, चिपळूण. ३० किमी.
- चौथा दिवस: चिपळूण, पोफळी, कुंभार्ली घाट, कोयनानगर, पाटण. ७० किमी.

पहिला दिवस बत्तीसच किलोमीटरचा बघून लोक हसतात. “एवढंच? मग सोलापूरहूनच सायकलने निघू की!” नका. पंढरपूरपर्यंतच सत्तरेक किलोमीटर होतात, वाई त्याच्याही बरीच पुढे. दोन दिवस माळावर घालवून घाटाच्या पायथ्याशी थकून पोचण्यात काही मर्दुमकी नाही. सायकली गाडीत घाला, आदल्या संध्याकाळी वाईला मुक्काम करा.

तिसरा दिवस मुद्दाम हलका ठेवला आहे. तो गाळून तीन दिवसांत मोहीम बसवायचा मोह होईल. ज्यांचा सराव कमी आहे त्यांच्यासाठी तोच दिवस सगळ्यात महत्त्वाचा आहे.

सावधान: वाई ते महाबळेश्वर हा टप्पा शनिवार-रविवारी करू नका. पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते आणि वळणावर तुम्हाला दाबून पुढे जाणारे भरपूर भेटतात. मंगळवारी निघा, शुक्रवारी संपवा.

## टप्पा २: गिअर बदला, आणि ते पहिल्याच आठवड्यात

सगळा लेख वाचायला वेळ नसेल तर हा एवढा टप्पा वाचा.

वाई साधारण सातशे मीटरवर, पाचगणी तेराशेच्या आसपास. मध्ये बाराएक किलोमीटर. म्हणजे पसरणीचा चढ सरासरी पाच टक्के. तुम्ही, सायकल, पाणी आणि सामान मिळून ८५ किलो धरा. या चढावर ताशी ८ किलोमीटरने जायला पायांना सुमारे १०५ वॅट द्यावे लागतात. ताशी १२ ने जायचं तर साधारण १५५. कमी सराव असलेला माणूस शंभर-एकशेदहा वॅट दीड-दोन तास देऊ शकतो. दीडशे दिले तर बहुतेकांचा वीस-पंचवीस मिनिटांत बाजार उठतो. म्हणजे ताशी ८ ने चढता आलं पाहिजे, आणि तेही पाय न रखडता.

आता सायकल बघा. बऱ्याच जुन्या रोड सायकलींना पुढे ३९ दात्यांची लहान चकती आणि मागे सगळ्यात मोठी २५ ची असते. त्या गिअरवर ताशी ८ ने जाताना पाय मिनिटाला जेमतेम ४० फेरे मारतात. प्रत्येक फेऱ्याला गुडघ्यावर पोतं उचलल्यासारखा जोर येतो. तेच पुढे ३४ आणि मागे ३४ असेल तर त्याच वेगाला ६३ फेरे होतात. मेहनत तेवढीच, पण ती गुडघ्याऐवजी श्वासावर जाते. श्वास दोन मिनिटांत जागेवर येतो. गुडघा चार दिवस येत नाही.

नियम एकच: पुढच्या लहान चकतीचे दाते मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीइतके किंवा त्याहून कमी असावेत. मोजायला अवघड नाही; एका दात्याला खडूने खूण करा आणि मोजा.

एमटीबीला (डोंगरी सायकलला) असा गिअर बहुधा असतोच आणि हायब्रिडलाही बऱ्याचदा असतो. रोड सायकल असेल तर मेकॅनिकला तीन प्रश्न विचारा:

1. मागचा डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) एवढी मोठी कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) झेपवतो का? आखूड पिंजऱ्याचा असेल तर तोही बदलावा लागतो.
2. चेन लांब घ्यावी लागेल का? मोठ्या चकतीवर जुनी आखूड चेन ताणली गेली तर डिरेलरच तुटतो.
3. नव्या कॅसेटवर जुनी चेन उडी मारेल का? झिजली असेल तर मारते. दोन्ही एकदम बदला.

“गावठी माणूस आहे मी, जोर आहे पायात, एवढ्या हलक्या गिअरची काय गरज?” असं म्हणणारे भेटतात. जोर पहिल्या दिवशी असतो. गिअर चौथ्या दिवशी कुंभार्लीत लागतो.

तपासा: सगळ्यात हलका गिअर टाकून एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर ताशी ८ च्या वेगाने जा. मिनिटाला साठ फेरे होत असतील तर पुढच्या टप्प्यावर या. नसतील तर सराव सुरूच करू नका, आधी हे निस्तरा.

## टप्पा ३: बैठक

सॅडलची उंची अशी लावा: भिंतीला धरून सायकलवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे, कंबर एका बाजूला झुकता कामा नये. नेहमीप्रमाणे पायाचा पुढचा भाग पेडलवर ठेवला की गुडघा आपोआप थोडा वाकतो. सोलापुरात सिग्नलला पाय टेकवता यावा म्हणून निम्म्या लोकांची सॅडल दोन-तीन इंच खाली असते. घाटात गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं त्याचं कारण बहुतेकदा एवढंच.

उंची एकदम वाढवू नका. दर दोन-तीन राइडनंतर अर्धा-अर्धा सेंटिमीटर.

पॅडेड शॉर्ट्स घ्या, दोन जोड. आत चड्डी घालायची नाही. हे सांगताना लोक लाजतात म्हणून स्पष्ट लिहितो: आतल्या कापडाची शिवण घासून दुसऱ्या दिवशी बसणं अशक्य होतं. मांड्यांच्या सांध्यात व्हॅसलिन लावा.

सावधान: नवी सॅडल, नवे बूट, नवे शॉर्ट्स मोहिमेच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका. चौथ्या आठवड्यानंतर अंगावरचं आणि सायकलवरचं काहीही बदलायचं नाही.

## टप्पा ४: सहा आठवडे

आठवड्याला तीन, फार तर चार दिवस. रोज सायकल काढणारा उत्साही माणूस तिसऱ्या आठवड्यात गुडघा धरून बसतो.

पहिला आठवडा. मंगळवार आणि गुरुवार पाऊण तास, रविवारी ३० ते ४० किलोमीटर. वेग बघायचाच नाही. कॅडन्स बघा, म्हणजे मिनिटाला पायाचे किती फेरे होतात ते. पंधरा सेकंद मोजा आणि चारने गुणा. सत्तर ते ऐंशीत ठेवा.

दुसरा आठवडा. इथे शनिवार-रविवार जोडी सुरू होते. शनिवारी ३०, रविवारी ४०. सलग दोन दिवस बसणं हा खरा सराव आहे. एका दिवशी शंभर मारून पुढचे सहा दिवस सोफ्यावर बसल्याने चार दिवसांच्या मोहिमेची काहीच तयारी होत नाही. रविवारी सकाळी दुखऱ्या बुडाने पुन्हा सॅडलवर बसणं, हीच ती तयारी.

तिसरा आठवडा. आता चढ. आपल्याला जवळचा म्हणजे तुळजापूरचा घाट. लहान आहे, पण आहे. सोलापूरहून तुळजापूर ४५ किलोमीटर. सायकलने जायचं, घाट एकदा चढायचा आणि परत यायचं असं बहुतेक जण करतात. त्यात नव्वद किलोमीटरपैकी चढ जेमतेम काही किलोमीटरचा. सायकल गाडीत घालून घाटाच्या पायथ्याला जा, तीनदा चढा, तीनदा उतरा, आईचं दर्शन घ्या आणि गाडीतून परत या. नव्वद किलोमीटर फिरल्याचा फोटो मिळणार नाही, पण पाय तयार होतील.

मधल्या वारी शहरातच चढाची नक्कल करा. समोरून वारा असेल त्या रस्त्याला लागा, जड गिअर टाका, बसूनच मिनिटाला साठ फेऱ्यांनी दहा मिनिटं जा. पाच मिनिटं हलकं. असं तीनदा. आपल्या माळावरचा वारा हा फुकटचा घाट आहे, त्याला शिव्या देऊ नका. गुडघा कुरकुरला तर ताबडतोब गिअर हलका करा.

चौथा आठवडा. शनिवारी ५०, रविवारी ५०, आणि मोहिमेत सायकलवर नेणार ते सगळं सामान लादून. अक्कलकोटला जाऊन-येऊन साधारण ऐंशी होतात, तेवढं लागत नाही, अर्ध्यातून वळा. खाण्याची तालीमही याच आठवड्यात करा, ती पुढे सांगतो.

पाचवा आठवडा. सगळ्यात जड. शुक्रवारी संध्याकाळी २० किलोमीटर, शनिवारी तुळजापूरचा घाट पाचदा, रविवारी ६० सपाट. हे तीन दिवस पार पडले आणि सोमवारी जिना उतरताना हसू आलं, पण लंगडावं लागलं नाही, तर तुम्ही तयार आहात.

सहावा आठवडा. सगळं निम्म्यावर. मोहिमेच्या आधी आठ दिवस मोठी राइड करायची नाही. याच आठवड्यात भीती वाटायला लागते आणि लोक “एकदा शंभर मारून बघतो” म्हणून निघतात. शेवटच्या आठवड्यात कमावता काहीच येत नाही, घालवता मात्र सगळं येतं.

सावधान: डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे कारखाने चालू असतात. पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट, कुठलाही रस्ता धरा, पहाटे उसाचे ट्रॅक्टर असतात. दोन-दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, ऊस बाजूला लोंबकळलेला. उजाडल्याशिवाय निघू नका. ट्रॉलीला ओलांडताना दुसऱ्या ट्रॉलीचा अंदाज घ्या. पहिली संपली की लोकांना वाटतं सुटलो.

आणि हाच हुरड्याचा हंगाम. राइड संपल्यावर हुरडा जरूर खा. राइडच्या आदल्या दिवशी नको, पोट दुसऱ्या दिवशी त्याचा हिशोब मागतं.

## टप्पा ५: खायचं काय आणि कधी

भूक लागल्यावर खाल्लंत तर उशीर झालेला असतो. शरीरात साठवलेली साखर जोराच्या कामाला दीड-दोन तास पुरते. ती संपली की हातपाय गळतात, डोकं भणभणतं, रडू आल्यासारखं होतं. याला सायकलवाले बॉन्क म्हणतात. एकदा तिथे पोचलात की केळ्यांचा घड खाऊनही अर्धा तास काही होत नाही.

पहिला घास निघाल्यावर अर्ध्या तासाने. पुढे दर अर्ध्या तासाला थोडं. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात गेली पाहिजेत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. तासाला एक केळं आणि वर चार-पाच खजूर, एवढं धरून चाला. उकडलेला बटाटा मीठ लावून, गूळ घालून गुंडाळलेली पोळी, राजगिऱ्याचा लाडू, हे सगळं चालतं. संक्रांतीचा हलवा घरात उरलेला असतोच. तो जवळजवळ निव्वळ साखर आहे, खिशात टाका. एनर्जी जेल नावाचा महागडा प्रकार जे काम करतो तेच हा करतो.

आता कडक भाकरी आणि शेंगाचटणी. सोलापूरकर प्रवासाला निघाला की डब्यात हेच असणार, आणि टिकायला याच्यासारखं दुसरं काही नाही. मुक्कामी पोचल्यावर संध्याकाळी दह्याबरोबर खा, स्वर्ग आहे. चढताना मात्र नको. चटणीतलं तेल आणि भाकरीतला कोंडा पचायला वेळ लागतो, पोट रक्त मागतं आणि पायही रक्त मागतात. शिवाय कोरडी भाकरी अर्धी बाटली पाणी पिते.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, घोट-घोट. दोन बाटल्यांपैकी एकीत साधं पाणी, दुसरीत ओआरएस. पाकीट पाकिटावर लिहिलेल्या पाण्यातच घाला; अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतलं की मळमळतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, सपाट भरलेला. दिवसभर नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ पातळ होऊन डोकं दुखतं, उलटी होते. लोक याला ऊन लागलं समजून आणखी पाणी पितात आणि आणखी बिघडवतात.

तपासा: चौथ्या आठवड्यात मोहिमेचा पूर्ण खाऊ चालत्या सायकलवर खाऊन बघा. एका हाताने केळं सोलता येतं का? खिशातून लाडू काढताना सायकल डगमगते का? हे घाटात शिकायचं नाही.

## टप्पा ६: सामान

पाठीवर सॅक नको. दोन किलोची सॅकसुद्धा तिसऱ्या तासाला मानेवर बसते. जड सामान सोबतच्या गाडीत. सायकलवर फक्त हे:

- दोन ट्यूब, पंक्चरचा संच, पंप, टायर काढायचे लिव्हर, अ‍ॅलन कीचा संच
- चेनचा क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची कडी) आणि चेन तोडायचं हत्यार
- ब्रेक पॅडची एक जोडी
- पुढचा-मागचा दिवा, दिवसाही चालू
- हलकं वाऱ्याचं जाकीट, आणि खाऊ: दोन दिवसांचा नाही, दोन तासांचा
- ओळखपत्र, रोख पैसे, नेहमीची औषधं

जाकिटाला सोलापूरकर हसतात. जानेवारीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. घामेजलेल्या अंगाने त्या हवेत उतारावर सुटलात की बोटं ब्रेक दाबेनाशी होतात. हातमोजेही पूर्ण बोटांचे घ्या.

गाडी चालवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: सायकलच्या मागे-मागे रांगत यायचं नाही. त्याने मागे रांग लागते आणि चिडलेला ट्रकवाला तुम्हालाच दाबतो. पाच किलोमीटर पुढे जाऊन रुंद जागी थांबायचं, सगळे गेले की पुन्हा पुढे.

## टप्पा ७: पहिला दिवस, पसरणी

साडेसहाला निघा. निघण्याआधी टायर, ब्रेक, चाकांच्या क्विक रिलीज कड्या तपासा. पोटात पोहे किंवा उपमा, दीड तास आधी.

पहिले तीन किलोमीटर सगळ्यात हलक्या गिअरवर. मूर्खासारखं वाटेल, कारण पाय ताजे असतात आणि हवा गार असते. माझ्या पहिल्या खेपेला एक पन्नाशीचे गृहस्थ आरामात पुढे गेले, ते मला सहन झालं नाही. त्यांच्या मागे लागलो. तीन वळणं टिकलो, मग कठड्यावर बसून वाईचं दृश्य अर्धा तास बघत बसलो. ते पाचगणीला चहा पिऊन निघालेसुद्धा होते.

वेग मोजायचं यंत्र लागत नाही. बोलून बघा. पूर्ण वाक्य एका दमात म्हणता आलं तर वेग बरोबर. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला तर कमी करा. बरोबर कुणी नसेल तर एखाद्या अभंगाची ओळ म्हणा.

चढाची तंत्रं थोडक्यात:

1. गिअर चढ सुरू होण्याआधी बदला, आणि बदलताना क्षणभर पायाचा जोर कमी करा. जोरात असताना बदलला तर चेन उतरते किंवा तुटते.
2. डावीकडच्या वळणाची आतली कड सगळ्यात खडी असते. मागे-पुढे वाहन नसेल तर कडेपासून थोडं बाहेरून घ्या.
3. बसून चढा. दर वळणानंतर पंधरा-वीस फेरे उभं राहून मारा, तेवढ्याने बुड सुटतं.
4. हँडल घट्ट पिळू नका. खांदे कानाला लागले असतील तर खाली सोडा.
5. दर चार किलोमीटरला थांबा, पण तीनच मिनिटं. वीस मिनिटं बसलात की पाय थंड होऊन भरून येतात.
6. थांबण्याआधी हलका गिअर टाकून ठेवा, नाहीतर चढावर पुन्हा सुरुवातच करता येत नाही.

थांबायचं ते वळणाच्या आत नाही, लांबून दिसेल अशा रुंद जागी. आणि केळी बाहेर काढण्याआधी वर झाडाकडे बघा. माकडं टपून असतात, आणि झटापटीत माणूस रस्त्यावर मागे सरकतो.

पसरणीला दीड ते पावणेदोन तास धरा. पाचगणीला नाश्ता करा, पण मिसळीवर ताव मारू नका. महाबळेश्वर अजून वीसेक किलोमीटर आहे आणि रस्ता वर-खाली होत जातो. स्ट्रॉबेरी-क्रीम मुक्कामी पोचल्यावर.

## टप्पा ८: आंबेनळीचा उतार आणि त्यानंतरचा कशेडी

चढावर माणूस दमतो. पडतो तो उतारावर. महाबळेश्वर ते पोलादपूर चाळीसेक किलोमीटरमध्ये जवळजवळ समुद्रसपाटीपर्यंत उतरायचं आहे, आणि आपल्या सोलापुरात असा उतार शिकायला जागाच नाही. म्हणून इथे हिरोगिरी शून्य.

आठ वाजता निघा, दव वाळल्यावर. जाकीट निघतानाच घाला, थंडी वाजल्यावर नाही.

ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात सोडा. सतत दाबून धरू नका; रिम ब्रेक असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते, डिस्क असेल तर ब्रेकची पकड ढिली पडते. दाबा, सोडा, दाबा, सोडा, दोन्ही ब्रेक मिळून. नुसता मागचा लावला तर चाक घसटतं. वळताना बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, त्यावर वजन, नजर वळणाच्या शेवटाकडे. खड्ड्याकडे बघाल तर खड्ड्यातच जाल. दर पाच-सहा किलोमीटरला थांबून हात झटका, ब्रेक निवू द्या. डिस्कला बोट लावून “तापलीय का” बघू नका, चटका बसतो.

कानात इअरफोन नको. मागून येणारी एसटी ऐकूच आली पाहिजे.

पोलादपूरला पोचल्यावर लोकांची मोठी फसगत होते. दोन तास नुसतं बसून आल्याने वाटतं, दिवस सोपा गेला. पाय गारठलेले असतात, हवा एकदम दमट आणि गरम झालेली असते आणि समोर कशेडीचा चढ असतो. जाकीट काढा, अर्धा तास थांबा, खा, बाटल्या भरा. पहिले दोन किलोमीटर पुन्हा पहिल्या दिवसासारखे अगदी हलक्या गिअरवर. मुंबई-गोवा महामार्गाची वाहतूक वेगवान आहे. कशेडीच्या बोगद्यात सायकल घालू नका. पोलादपूरलाच विचारून जुन्या घाटरस्त्याची स्थिती समजून घ्या, आणि तो बंद असेल तर तेवढा भाग गाडीतून करा.

## टप्पा ९: मुक्कामी पोचल्यावर

क्रम पाळा. आधी प्या, मग खा, मग अंघोळ, मग फोन. बहुतेक जण फोनपासून सुरू करतात आणि दोन तास घामट शॉर्ट्समध्ये बसून राहतात; मांडीवरचे फोड तिथेच येतात. पोचल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात भात-वरण, दूध-केळं असं काहीतरी पोटात गेलं पाहिजे.

शॉर्ट्स रोज धुवायचे. कोकणात ते रात्रीत वाळत नाहीत. धुतलेले शॉर्ट्स कोरड्या सोलापुरी टॉवेलात गुंडाळा आणि टॉवेल दोन्हीकडून पिळा. निम्मं पाणी टॉवेल ओढून घेतो. आपल्या गावच्या मालाचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

झोपण्याआधी चेन पुसून दोन थेंब तेल, ब्रेक पॅड बघा, टायरमध्ये रुतलेले काचेचे तुकडे काढा.

सकाळी तपासा: लघवीचा रंग गडद असेल तर निघण्याआधी अर्धा लिटर ओआरएस. दोन्ही मांड्या दुखतात? चालेल. एकच गुडघा दुखतो? सॅडल बघा, गिअर आणखी हलका ठेवा. उठल्या-उठल्या नाडी रोजच्यापेक्षा दहा-पंधरा ठोक्यांनी जास्त लागते? तो दिवस संथ काढा.

तिसऱ्या दिवशी खेड ते चिपळूण आरामात. परशुराम घाटात बराचसा उतारच आहे. दुपारी बाराच्या आत खोलीवर पोचा आणि झोपा. चिपळूण बघायला पुन्हा या.

## टप्पा १०: कुंभार्ली

उजाडताच निघा. चिपळूणहून पोफळीपर्यंत पंचवीसेक किलोमीटर आहेत. ऊन चढायच्या आत घाटाला भिडलं पाहिजे. घाट दहा-बारा किलोमीटरचा. हा गुहागरहून विजापूरकडे जाणारा रस्ता, त्यामुळे अवजड ट्रक भरपूर. ट्रक मागून आला की घाबरून कडेच्या खडीत उतरू नका, तिथेच चाक घसरतं. आपली सरळ रेघ धरा, हाताने खूण करा, जाऊ द्या. उतरणारा ट्रक वळणावर तुमच्या बाजूला येईल हे धरूनच चाला.

पाय तीन दिवसांचे आहेत. पसरणीपेक्षा एक किलोमीटर कमी वेगाने चढा, दर तीन किलोमीटरला थांबा. चालावं लागलं तर चाला. पाच मिनिटं चालल्याने कुणाचं काही जात नाही.

गाडीत कधी बसायचं हे मात्र आदल्या रात्रीच सगळ्यांनी मिळून ठरवून ठेवा. घाटात डोकं तापलेलं असतं, तिथे निर्णय चुकतो. माझे नियम असे: छातीत दुखणं, चक्कर, उलटी किंवा घाम अचानक बंद होणं, यातलं काहीही झालं तर लगेच गाडीत, आणि तिथून दवाखान्यात. एका सांध्याच्या दुखण्यामुळे पेडल मारायची पद्धतच बदलली तर गाडीत. चारच्या आत घाटमाथा आला नाही तर गाडीत. यावर चर्चा नाही, चिडवणं नाही.

घाटमाथ्यावरून कोयनानगर आणि पुढे पाटणपर्यंत रस्ता बराचसा उताराचा आहे. सगळं संपलं असं वाटून इथेच लोक ब्रेक सोडतात. खड्डे आणि गावातली गुरं तशीच आहेत.

पाटणला सायकली गाडीत घालताना पुढचं चाक काढा. डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या फटीत पुठ्ठ्याचा तुकडा सरकवा, नाहीतर रस्त्यात कुणाचा हात ब्रेकला लागतो आणि सोलापुरात पोचल्यावर चाक बसतच नाही. डिरेलरची बाजू वर. चादर घाला, त्यावर दुसरी सायकल.